शाळा पडली नाही

करोनानंतर शाळा उघडली तेव्हा आमच्याकडचे जवळजवळ निम्मे बाक रिकामे होते. पूर्व नागपुरातल्या एका मराठी शाळेची मी तेव्हा मुख्याध्यापिका होते. वस्ती जुन्या विणकरांची. एके काळी तिथं घरोघरी हातमाग होते. आता माग गेले आणि माणसं मिळेल त्या कामाला लागली. कोणी इतवारीत दुकानात, कोणी रंगकामावर, कोणी ऑटो चालवून पोट भरणारा. शेजारच्या गल्लीपासून बौद्ध वस्ती सुरू व्हायची. दोन्हीकडची मुलं आमच्याच शाळेत यायची. पाचवी ते दहावीचे वर्ग, दुमजली जुनी इमारत, मागे मैदान. नावाजण्यासारखं शाळेत फार काही नव्हतं. फक्त ती घराजवळ होती. मुलं वरण-भात जेवून, हात धुवून, पाच मिनिटांत वर्गात हजर व्हायची.

मुलं परत आणायला आम्ही घरोघर फिरलो. आम्ही म्हणजे मी आणि आमचे पर्यवेक्षक. शाळेत माझ्या खालोखाल तेच. ते त्याच वस्तीत जन्मलेले, वडिलांनी जन्मभर माग चालवलेला. कोणत्या दारात ‘राम राम’ म्हणायचं, कोणत्या दारात ‘जय भीम’, कोणत्या घरात करोनानं माणूस नेलं आहे म्हणून आधी थोडा वेळ नुसतं बसायचं, हे त्यांना ठाऊक असे. मी त्यांच्या मागे मागे जात असे. माझं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, धरमपेठेत. रोज स्कूटरवरून अख्खं नागपूर ओलांडून मी शाळेत येत असे आणि तसं येण्याचा मला थोडा अभिमानही होता.

अशाच एका घरी ती मुलगी भेटली. आठवीत नाव होतं, पण वर्गात आली नव्हती. वडील कामासाठी हैदराबादकडे गेलेले, वर्षातून एकदा येणारे. आई कळमन्याच्या बाजारात मिरचीचे देठ खुडायला जायची. घरात एक लहान बहीण होती, तीनेक वर्षांची. मुलगी दिवसभर तिलाच सांभाळायची.

आई म्हणाली, “मॅडम, मी कामावर गेली का लहानीले कोण पाहीन? अन् हिले आता काय येते जी? दोन वर्स झाले, पुस्तक हाती घेतलं नाही.”

मी तिथल्या तिथं तोडगा काढला. शाळेला लागूनच बालवाडी होती. धाकटीला तिथं घालायचं. बालवाडी सुटली की मोठीनं मधल्या सुट्टीत तिला शाळेत घेऊन यायचं. वाचनालयाच्या खोलीत सतरंजीवर ती झोपेल, कोणी काही म्हणणार नाही. असं कोणत्या नियमात बसतं की नाही याचा मी विचारही केला नाही. मी त्या बाईंना म्हटलं, “माझ्या जबाबदारीवर पाठवा.”

“तुमच्या जबाबदारीवर धाडतो मंग,” ती म्हणाली.

मुलगी आली. सुरुवातीला तिला जोडाक्षरं वाचता येत नव्हती. वाचताना बोट ओळीवरून सरकवायची आणि अडली की बोट तिथंच दाबून धरायची, जणू शब्द पळून जाईल. रविवारी आईबरोबर मिरची खुडायला बसायची, त्यामुळे सोमवारी तिच्या शेजारणी शिंकत. त्यावरून वर्गात हशा व्हायचा, तीही हसायची. नववीत गेली तोवर ती न अडता वाचू लागली होती. मी मराठीच्या तासाला मुद्दाम तिला उभी करत असे. धाकटी बहीण वाचनालयात झोपलेली असे आणि तिची एक चप्पल नेहमी दाराबाहेर उलटी पडलेली असे.

नववीचा तो पावसाळा. पोळा झाला, दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक झाली आणि त्यानंतर पावसानं जे धरलं ते आठवडाभर सोडलं नाही. शनिवारी सकाळी उघडीप मिळाली म्हणून खेळाच्या सरांनी मुलांना मैदानावर काढलं. मी कचेरीत होते. वरून धान्याचं पोतं टाकल्यासारखा आवाज आला. पर्यवेक्षक आणि मी धावत वर गेलो. नववीच्या वर्गात धुरळा होता. छताचा दाराएवढा गिलावा खाली आला होता आणि वर गंजलेले गज दिसत होते. पहिला बाक मधोमध मोडला होता. त्या बाकावर ती मुलगी बसायची.

पर्यवेक्षकांनी वाकून तुकड्यांमधून एक दप्तर काढलं, झटकलं आणि खिडकीत ठेवलं. मी खाली आले, मुलांना घरी सोडून दिलं आणि कचेरीत येऊन महापालिकेला फोन लावला.

हे सांगते ते यासाठी, की तो धोका खोटा नव्हता. पुढं मी जे केलं त्याचं मूळ त्या मोडक्या बाकात आहे. पण सगळं तिथंच नाही.

सोमवारी महापालिकेचे अभियंते आले. त्यांनी भिंती ठोकून पाहिल्या. वरचा मजला ताबडतोब बंद करा, असं त्यांनी लेखी दिलं. खालच्या खोल्यांबद्दल ते म्हणाले की बघता क्षणी तरी ठीक वाटतात, पण नीट तपासणी केल्याशिवाय आपण काही लिहून देणार नाही, आणि तपासणीला वेळ लागेल. कोणीही शहाणा माणूस असंच बोलेल. मला मात्र त्यातलं एवढंच ऐकू आलं की लिहून कोणी देणार नाही.

पर्यवेक्षकांनी त्याच दुपारी कागदावर आखणी करून आणली. तपासणी होईपर्यंत शाळा वस्तीतच दुसरीकडे भरवायची. विणकरांच्या जुन्या सोसायटीचं सभागृह दोन गल्ल्यांपलीकडे होतं. विहाराच्या कमिटीनंही त्यांच्या अभ्यासिकेची खोली द्यायची तयारी दाखवली होती. दोन पाळ्या केल्या तर सगळे वर्ग बसत होते. संध्याकाळी सोसायटीचे अध्यक्ष स्वतः किल्ली घेऊन आले. पांढरं धोतर, हातात छत्री. मी चहा मागवला तो त्यांनी घेतला नाही.

“मॅडम, हॉल रिकामाच पडला हाये. पोट्टे आपलेच हायेत,” ते म्हणाले. “काहून दूर पाठवता?”

दूर पाठवायची गोष्ट तोवर मी वस्तीत कोणाशी बोलले नव्हते. पण वस्तीला ती कळली होती. आमच्या संस्थेची दुसरी शाळा धरमपेठेत आहे. तिथं वर्ग सकाळी भरत आणि दुपारी खोल्या मोकळ्या असत. संस्थेचे सचिव मला फोनवर म्हणाले होते, “तिकडे हलवायचं असेल तर हलवा. निर्णय तुमचा. तसं पत्र तुम्ही द्या, आम्ही पाठीशी आहोत.”

मी सभागृह बघायला गेले. लांबट खोली, उंच छप्पर, खाली शहाबादी फरशी. पूर्वी तिथं माग होते. त्यांचे खड्डे बुजवलेले चौकोन फरशीत वेगळ्या रंगाचे दिसत होते. हवा खेळती होती. मागे एकच शौचालय होतं. मी ते बघितलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं, हे मला आजही नीट आठवतं. नकार द्यायला एक कारण सापडलं होतं. मुलींसाठी वेगळी सोय नाही, खासगी जागेत वर्ग भरवायची परवानगी मिळणार नाही, असं मी पर्यवेक्षकांना सांगितलं. परवानगी मी मागितलीच नव्हती.

माझ्या निवृत्तीला तेव्हा दोन वर्षं उरली होती. कुठं कुठं शाळेची भिंत पडली, सहलीत मूल बुडालं, की मुख्याध्यापकाला पोलीस घेऊन जातात, अशा बातम्या मी वर्षानुवर्षं वाचत आले होते. त्या सभागृहात उभी असताना माझ्या डोळ्यांसमोर मुलं नव्हती. मी स्वतःच होते, एखाद्या टेबलासमोर उभी, आणि पलीकडून कोणीतरी विचारतंय की तुम्हाला हे कोणी लिहून दिलं होतं? धरमपेठेची शाळा पक्की होती, तिचे सगळे दाखले होते. तिथं काही झालं तर ते माझ्या डोक्यावर येणार नव्हतं. मी पत्र दिलं.

मग मैदानात पालकसभा घेतली. मी बरी बोलते, त्या दिवशी फारच बरी बोलले. मोडका बाक मी मुद्दाम खाली आणून पालकांसमोर ठेवायला लावला होता. मी म्हटलं, माझ्या एका जरी लेकराला काही झालं असतं तर मी स्वतःला माफ करू शकले नसते. बायका डोळे पुसू लागल्या. टाळ्या झाल्या. दिवाळीनंतर आपण परत इथंच येऊ, तोवर शाळेची बस सगळ्यांना नेईल आणि आणेल, असं मी सांगितलं. सचिवांनी बस कबूल केली होती. दिवाळीनंतर परत येऊ, हे मात्र मला कोणीच सांगितलं नव्हतं. ते मी बोलण्याच्या भरात बोलले.

त्या मुलीची आई मागे उभी होती. कामावरून थेट आली असावी, पदरावर मिरचीच्या बिया चिकटलेल्या होत्या. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “अन् लहानीचं कसं करू जी?”

मी म्हटलं, “काहीतरी करू आपण. तुम्ही काळजी करू नका.”

ती मान हलवून बसली. माझ्या ‘काहीतरी’वर तिनं भरवसा ठेवला.

सभा संपल्यावर पर्यवेक्षक बाकाचे तुकडे आत ठेवत होते. ते हळूच म्हणाले, “मॅडम, परवानगी एकदा मागून तर बघायची होती.”

“नाही मिळाली असती तर?”

“तर नाही मिळाली असती,” ते म्हणाले आणि बाक उचलून आत गेले. पुढच्या दोन वर्षांत त्यांनी हा विषय पुन्हा काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

धरमपेठेची शाळा माझ्या घरापासून चालत जाण्यासारखी होती. हे मला आधी सुचलं नव्हतं, हे खरं आहे. पण पहिल्याच दिवशी दुपारी घरून जेवून, साडीच्या निऱ्या नीट करत मी रमतगमत शाळेत पोहोचले आणि फाटकात आमची बस लागत होती. मुलं उतरत होती. तासभर गर्दीतून आलेली, घामेजलेली, दोघा-तिघांना बस लागलेली. त्यांनी मला बघून ‘नमस्ते मॅडम’ म्हटलं. इतकी वर्षं मी शहर ओलांडून त्यांच्याकडे जात होते. आता ती माझ्याकडे येत होती आणि मी चालत आले होते. त्या दिवसापासून मी मुद्दाम बस यायच्या आधी शाळेत जाऊन बसू लागले, त्यांना माझं चालत येणं दिसू नये म्हणून. संध्याकाळी बस निघेपर्यंत थांबत असे. कोणी त्याबद्दल काही बोललं नाही. एकदाच एका दहावीतल्या मुलानं सहज विचारलं, “मॅडम, तुमचं घर इथंच आहे ना?” मी हो म्हटलं आणि त्याला वर्गात जायला सांगितलं.

तिथं आमची मुलं गप्प झाली. वाईट वागवलं असं कोणी नाही. पण फळ्यावर सकाळच्या वर्गाचं लिहिलेलं पुसायचं नाही, कपाटाला हात लावायचा नाही, मैदानात दप्तर ठेवायचं नाही, असं रोज काहीतरी असायचं. मुली एकमेकींचा हात धरून घोळक्यानं फिरत. आपल्या शाळेत ज्या मुली जिन्यावर ओरडत चढायच्या, त्या इथं भिंतीच्या कडेनं चालू लागल्या.

ती मुलगी सुरुवातीचे काही दिवस आली, मग एक दिवसाआड येऊ लागली. शेजारच्या म्हातारीकडे धाकटीला ठेवून यायची. म्हातारीला बरं नसलं की घरी थांबायची. एक दिवस ती धाकटीला घेऊनच बसमध्ये चढली. मला ते मधल्या सुट्टीनंतर कळलं. कळलं ते असं, की त्या शाळेच्या मुख्याध्यापिका जाण्याआधी माझ्याकडे आल्या आणि हसतच म्हणाल्या की तुमच्या वर्गात एक लहान मूल झोपलंय. पाहुण्या शाळेत आपण पाहुण्यासारखं राहायला हवं, असं त्यांनी म्हटलं नाही. पण मला ते ऐकू आलं आणि मला लाज वाटली. कोणाची लाज वाटली हे तेव्हा मी तपासलं नाही.

मी वर्गात गेले. धाकटी बाकाखाली दप्तरावर डोकं ठेवून झोपली होती. मी मुलीला बाहेर व्हरांड्यात बोलावलं.

“उद्यापासून हिला आणू नकोस हं,” मी म्हटलं. “ही आपली शाळा नाही.”

“हो मॅडम,” ती म्हणाली.

आवाज चढवला नव्हता मी. तिच्या खांद्यावर हातही ठेवला होता. तिनं ‘मग कुठे ठेवू’ असं विचारलं नाही. ज्या बाईनं वाचनालयात सतरंजी घालून दिली होती तीच हे सांगते आहे म्हटल्यावर विचारण्यासारखं काही उरलं नसावं. दिवाळीपर्यंत ती आणखी दोन-चार वेळा आली असेल. दिवाळीनंतर बस आली नाही. सचिव म्हणाले, बघतो. मग म्हणाले, पालकांनी थोडी तोशीस सोसायला हवी. मुलगे सायकलींवर, सिटी बसला लोंबकळत येत राहिले. मुली गळाल्या. एकदम कोणी गेली नाही. आज ही नाही, उद्या ती नाही, असं होता होता एका दुपारी मी नववीच्या वर्गात गेले तर मुलींच्या बाजूला तिघी बसल्या होत्या.

पर्यवेक्षक रविवारी मोटारसायकलवर त्या मुलींच्या घरी जात. मला ते दर सोमवारी सांगत, कोण भेटलं, कोण काय म्हणालं. मी दर वेळी म्हणायचे, पुढच्या रविवारी मी येते. हे महिनाभर चाललं. शेवटी संक्रांतीनंतर मी गेले.

त्या मुलीच्या घरी दार उघडंच होतं. ती पिको-फॉलचं काम करत बसली होती. मांडीवर निळी साडी, तोंडात दोरा. मला बघून घाईनं उठली. खुर्ची पुसली, चहा टाकला. आई कामावर होती. धाकटी तिच्याजवळ बसून बॉबिनशी खेळत होती. मी विचारलं, काय करतेस? ती म्हणाली, एका बाईकडून साड्या आणते, बरं चाललंय. अभ्यासाचं विचारलं तर हसली. पर्यवेक्षक म्हणाले, दहावीचा फॉर्म बाहेरून भरता येतो, मी बघतो. ती पुन्हा हसली.

मग तिनं मला विचारलं, “मॅडम, आपली शाळा पडली का?”

“नाही,” मी म्हटलं. “उभी आहे.”

“मंग?”

तिच्या विचारण्यात खोच नव्हती. तिला खरंच कळलेलं नव्हतं. शाळा पडणार म्हणून आपल्याला दूर नेलं. ती पडली नाही. मग आपण परत काहून नाही गेलो, एवढंच तिला हवं होतं. तपासणी व्हायची आहे, संस्था बघते आहे, असं काहीबाही मी बोलले. चहा फार गोड होता. तो मी संपवला. गल्लीतून बाहेर पडताना पर्यवेक्षकांनी मोटारसायकल ढकलतच नेली, सुरू केली नाही. मी रडते आहे हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी मागं वळून बघितलं नाही.

तपासणी झाली ती उन्हाळ्यात. वरचा मजला उतरवून खालचं वापरता येईल, असा निष्कर्ष निघाला. संस्थेकडे तेवढं करायला उत्साह नव्हता. आता मुलंच कुठे आहेत, असं सचिव म्हणाले. मुलं नव्हती हे खरंच होतं. मी भांडले. बैठकीत, फोनवर, लेखी, जमेल तसं भांडले. पण मीच पत्र दिलेलं होतं. ते पत्र त्यांनी मला एकदाही दाखवलं नाही, दाखवायची गरजच पडली नाही.

पुढचा पावसाळा आला. एका संध्याकाळी असा पाऊस लागला की आमच्या घरासमोरचा रस्ता दिसेना. पती टीव्हीवर शहरातल्या पाण्याच्या बातम्या बघत होते. मी खिडकीत उभी होते. आणि माझ्या मनात आलं, आज पडेल.

मी ते दूर सारलं नाही. उलट मी त्याला जागा करून दिली. आज ती इमारत पडली, सकाळी पेपरात तिचा फोटो आला, की सगळे म्हणतील, बाईंनी वेळेवर मुलं हलवली. ती मुलगीसुद्धा म्हणेल. मला ते चित्र इतकं गोड वाटलं, की मी मनातल्या मनात ढिगाऱ्याच्या विटाही पाहिल्या. एक मुख्याध्यापिका आपली शाळा पडावी म्हणून पावसाकडे डोळे लावून उभी होती.

सकाळी पाऊस थांबल्यावर मी स्कूटर काढली. वाटेत पाणी होतं, दोनदा गाडी बंद पडली. शाळेपाशी पोहोचले तर इमारत जशीच्या तशी. फाटक लोटून आत गेले. खालच्या व्हरांड्यात दोरी बांधून तिच्यावर लुगडं आणि लहानसे परकर वाळत घातले होते. पाचवीच्या खोलीतून एक बाई बाहेर आली, मागोमाग तिची सात-आठ वर्षांची पोरगी. मी कोण हे सांगितल्यावर ती बाई म्हणाली की तिच्या नवऱ्याला संस्थेनं उन्हाळ्यापासून चौकीदार ठेवलंय आणि ते तिघं इथंच राहतात.

“रातभर झोप नाही लागली जी,” ती म्हणाली. “वरून पाणी गळून राहिलं होतं. देवाले म्हटलं, आजची रात काढून दे.”

मी तिथंच पायरीवर बसले. तिला वाटलं, मला चक्कर आली. तिनं पाणी आणलं, पदरानं वारा घातला, पोरीला म्हणाली, मॅडमले बिस्कुट आण. त्या खोलीत माणसं आहेत हे मला ठाऊक नव्हतं, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. त्यानं काही होईना. कारण माहीत करून घ्यायला हवं होतं ते मीच. ती अजून माझी शाळा होती, कागदोपत्री तरी.

दुसऱ्या दिवशी मी सचिवांकडे गेले आणि त्या कुटुंबाला बाहेर खोली द्यायला लावली. ती मिळेपर्यंत रोज जात राहिले. चौकीदार माझ्यावर नाराज झाला, नवी खोली त्याला लहान पडत होती. एवढं एकच काम मी त्या सगळ्या काळात कोणाच्या पाठिंब्याची वाट न बघता केलं. आणि ते मी चांगुलपणानं केलं, असं मला म्हणवत नाही.

माझ्या निरोप समारंभात वक्त्यांनी त्या शनिवारचं वर्णन केलं. प्रसंगावधान, धाडस, आईची माया, असे शब्द आले. मानपत्र वाचलं तेव्हा टाळ्या झाल्या. मी ते खाली बघून ऐकलं आणि लोकांना तो विनय वाटला. पर्यवेक्षक तिसऱ्या रांगेत होते. तेही टाळ्या वाजवत होते. मला वाटतं, त्यांनी मनापासून वाजवल्या; ते तसे माणूस आहेत. माझ्यानंतर वर्षभरात ती शाळा धरमपेठेच्या शाळेत विलीन झाली.

मागच्या हिवाळ्यात पतींच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आम्ही धंतोलीतल्या एका इस्पितळात होतो. एका दुपारी मी खाली औषधं आणायला गेले तर रांगेत माझ्यापुढे त्या मुलीची आई उभी. तिच्या भावजयीला तिथं ठेवलं होतं. तिनंच मला ओळखलं. वाकून पाया पडायला गेली, मी तिचे हात धरले. पतींच्या ऑपरेशनचं सांगितलं, मुलीचं विचारलं. पर्यवेक्षक सरांनी फॉर्म भरायला लावला, घरी येऊन शिकवलं, गणितात एकदा गेली पण दुसऱ्या वेळी दहावी निघाली, आता सावनेरकडे एका दवाखान्यात कामाला आहे, असं तिनं सांगितलं. धाकटी शाळेत जाते, खासगी, इंग्रजी. दूर आहे, पण व्हॅन घरापर्यंत येते.

मग मी ते बोलले जे बोलायचं किती दिवस मनात होतं. रांगेतच बोलले, दुसरी जागा कुठली. म्हटलं, तुम्ही माझ्या जबाबदारीवर पोरीला पाठवलं होतं आणि मी ती निभावली नाही. शाळा वस्तीतच भरवता आली असती. मी प्रयत्न केला नाही. मला भीती वाटली होती.

तिनं शांतपणे ऐकलं. “त्याच्यात तुमचं काय जी,” ती म्हणाली. “तुमी तर पोट्ट्याइले वाचवलं.”

“नाही,” मी म्हटलं, “तसं नाही ते.” आणि पुन्हा समजावून सांगू लागले. सभागृहाचं, परवानगीचं. ती माझ्याकडे बघत होती, पण तिचं लक्ष खिडकीकडे होतं. तिचा नंबर आला होता आणि आतला माणूस चिठ्ठी मागत होता. तिनं चिठ्ठी दिली, पिशवीत औषधं घेतली आणि वर वॉर्डात वहिनी एकटी आहे म्हणून घाईनं निघाली. जिन्यापाशी थांबून तिनं विचारलं, साहेबांले बरं वाटते ना आता? मी हो म्हटलं.

माझ्या मागचा माणूस म्हणाला, “ताई, पुढे सरका.”

मी खिडकीपाशी गेले.